संपलेल्या कादंबरीनंतरचे गुरुवार

माणूस गाव सोडतो तेव्हा त्याचा निम्मा जीव मागेच राहतो, असे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे. मी ग्वाल्हेर सोडले तेव्हा मागे राहिली ती माझी वळकटी. ती फलाटावर राहिली, कारण माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, निरोप द्यायला आलेल्या मंडळींना मानाप्रमाणे उभे करायला घेतले होते. आधी सुभेदारकाका, त्यांच्या डावीकडे शास्त्रीबुवा, मग नातेवाईक, मग शेजारी, आणि सर्वांत शेवटी सामान. सुभेदारकाकांनी आशीर्वाद दिला, शास्त्रीबुवांनी कसलासा मंत्र म्हटला, आणि शेजाऱ्यांची पाळी यायच्या आत गाडी हलली. रेल्वेला दरबारी रिवाज ठाऊक नव्हता. खिडकीतून मला दिसले ते एवढेच, की अण्णा हात हलवत नाहीत. पुढे सरकलेल्या शेजाऱ्यांना रांगेत मागे घेताहेत. आई रांगेत नव्हतीच. ती खांबाजवळ माझ्या वळकटीवर बसली होती.

हे आज आठवायचे कारण किरकोळ आहे. भोपाळच्या या घरात माझ्या नातीची, रेवाची, आवडती मालिका गेल्या आठवड्यात संपली. कित्येक महिने ती त्या मालिकेतल्या माणसांत राहत होती. जेवायला फक्त आमच्यात येई. शेवटचा भाग झाल्यापासून ती परक्या घरी उतरल्यासारखी वावरते आहे. रोज संध्याकाळी रिमोट घेऊन बसते, नवे काहीतरी लावते, दहा मिनिटांत बंद करते. काल म्हणाली, "आजी, ये सब बेकार आहे गं. ह्यातलं कोणीच आपलं वाटत नाही." तिची आई म्हणते, वेळच घालवायचाय ना, काहीही बघ. हा आजार मला माहीत आहे. आमच्या घरात तो टीव्हीच्या पुष्कळ आधीपासून आहे.

तुमच्यातले जे ग्वाल्हेरलाच राहिले त्यांना बाड्याच्या, म्हणजे महाराजांच्या चौकाच्या, मागची आमची गल्ली आठवत असेल. जे आमच्यासारखे बाहेर पडले त्यांना तर ती जरा जास्तच आठवत असेल, आणि खरी होती त्यापेक्षा रुंद. अण्णा तिथे भाड्याने राहत आणि संस्थानच्या ज्या खात्यात काम करत त्याचे काम एकच होते: दरबारात कुणी कुठे बसायचे ते ठरवणे. कुणाच्या आजोबांनी कुठल्या लढाईत काय केले यावर नातवाची गादी सिंहासनापासून किती लांब ते ठरे. अण्णांना हे सगळे तोंडपाठ होते. मग संस्थान विलीन झाले, दरबार उठला, आणि नव्या सरकारने अण्णांना जंगल खात्यात आवक-जावक सांभाळायला बसवले. तिथून ते निवृत्त होईपर्यंत कधी कुरकुरले नाहीत. एवढेच म्हणत, "झाडं चांगली असतात. पण त्यांना कुठंही उभं केलं तरी चालतं."

गुरुवारची बैठक विलीनीकरणानंतर काही वर्षांनी सुरू झाली. पुण्याहून एक साप्ताहिक टपालाने यायचे आणि त्यात एक ऐतिहासिक कादंबरी क्रमशः चालू होती. तिचे नाव सांगत नाही. लेखक पुढे मोठे झाले आणि त्यांनीच ती आपल्या यादीतून गाळली. नायक विश्रामराव नावाचा एक शिलेदार होता. तो चार वर्षे घोड्यावरून उतरला नाही. अंक आला की अण्णा वेष्टन न फोडता देवापाशी ठेवत. गुरुवारी दिवेलागणीला मंडळी जमत, अण्णा प्रत्येकाला त्याची जागा दाखवत, आणि मग मी स्टुलावर बसून पोथी वाचावी तसा तो हप्ता वाचत असे. शेवटी खडीसाखर. मध्ये प्रश्न विचारायचा नाही, हा नियम. तो फक्त आई मोडायची. ती स्वयंपाकघरात असे; मी श्वास घ्यायला थांबले की आतून आवाज येई, "मग पुढं?" अण्णा छताकडे बघत. दरबारात अशा आवाजाची सोय नव्हती.

मी तेव्हा मोतीमहालातल्या सचिवालयात टंकलेखक होते. मुलगी नोकरी करते असे अण्णा कुणाला सांगत नसत. मुलगी मोतीमहालात असते, असे सांगत.

राज्यपुनर्रचनेच्या वर्षी दोन गोष्टी एकदम संपल्या. आमचे मध्यभारत राज्य संपणार आणि राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला जाणार हे ठरले, आणि विश्रामराव मेला. चंबळ ओलांडताना, पाठीत भाला लागून, पानभर. मी वाचून संपवले तेव्हा सुभेदारकाकांनी डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली. ते फौजेतले; त्यांना मरणाचे काही वाटत नसावे अशी आमची समजूत होती. शास्त्रीबुवांनी खडीसाखर नको म्हटले. अण्णा मला म्हणाले, "अंक नीट बघ. पुढं क्रमशः असेल." पुढे केशतेलाची जाहिरात होती.

माझी बदली महिन्याभरावर आली होती. मी अण्णांना म्हटले, तुम्ही दोघं चला भोपाळला. ते म्हणाले, "तिथं मला कोण ओळखतं? मी कुणाला कुठं बसवू?" राज्य गेल्याचे त्यांना कळले होते, पटले नव्हते. ते गुरुवारवर तग धरून होते. मी गेल्यावर गुरुवारही गेला तर त्या घरात अण्णा उरतील आणि रिकाम्या जागा उरतील, एवढे मला दिसत होते. म्हणून जायच्या आत त्यांना दुसरी कादंबरी लावून द्यायचा मी चंग बांधला.

सराफ्यातल्या वाचनालयातून मी मासिके आणली. पहिली कादंबरी कॉलेजातल्या मुलीची होती. शास्त्रीबुवांनी तिसऱ्या पानाला हात वर केला. "ही बापासमोर खुर्चीत बसली. बाप उभा आहे. कुणाच्या लक्षात आलं का?" सगळ्यांच्या लक्षात आले होते. दुसरी पुण्यातल्या एका कुटुंबाची. त्यातली माणसे चहा पीत आणि आपल्याला काय वाटते ते सांगत. सुभेदारकाका शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बेटा, मजा नाही आला. ह्यात एकही घोडा नाही." तिसरी एका हिंदी मासिकातली रहस्यकथा. पहिल्याच पानावर दिवाणखान्यात प्रेत. अण्णांनी विचारले, "कुणाचं?" मी म्हटले, ते शेवटी कळणार. ते म्हणाले, "ओळख करून न देता मध्ये आणून टाकलं? ही काय पद्धत?"

चौथ्या गुरुवारी काहीच वाचले नाही. मंडळी आली, बसली, पाऊण तास माझ्या प्रवासाबद्दल बोलली आणि उठली. त्यानंतरच्या मंगळवारी ते फलाटावरचे सगळे झाले.

भोपाळला आम्हाला बराकीवजा इमारतीत बसवले होते. अण्णांनी निरोप पाठवून विचारले, कुठल्या महालात? मी कळवले, बराकीत. त्यांनी गल्लीत सांगितले, मुलगी छावणीत आहे. त्या खोलीत आम्ही ग्वाल्हेरचे, इंदूरचे, रीव्याचे, नागपूरचे असे सगळे कोंबलेले होतो आणि प्रत्येकाला खात्री होती की आपलेच राज्य बुडाले, बाकीच्यांना बढती मिळाली. माझ्या शेजारच्या टेबलावर नागपूरची कुसुम होती. गुरुवारच्या बैठकीचे ऐकून ती म्हणाली, "तुमच्याकडे कादंबरी ऐकायले बी पगडी लागते काय?"

"लागायची. आता टोपी चालते."

"आणि बायांले?"

"बायकांना स्वयंपाकघर."

ती पुढे माझी नणंद झाली. पुनर्रचनेचा हा भाग तरी आम्ही स्वखुशीने केला.

पण त्या पहिल्या हिवाळ्यात मला माणसे दिसत नसत. गुरुवारी कचेरी सुटली की मी तळ्याकाठी जाऊन बसे. पाणी आणि आभाळ एका रंगाचे होई, मधली रेघ पुसली जाई, आणि त्या करड्या जागेत आमची बैठक तरंगू लागे. जाजम, समई, सुभेदारकाकांची पगडी, सगळे आपापल्या जागी, आणि वाचकाचे स्टूल रिकामे. अण्णा उभे असत. कुणीतरी यायचे राहिले आहे आणि त्याची जागा ठरलेली नाही, असा त्यांचा चेहरा. कधी वाटे, मीच वाचते आहे. ओठ हलताहेत, पाने उलटताहेत आणि आवाज तेवढा पलीकडे पोचत नाही. मग एखादी होडी येई, ते सगळे वल्ह्याने हलून जाई, आणि मी थंडीत उगाच बसलेली एक टंकलेखक असे.

संक्रांतीच्या सुट्टीच्या आधी मला अण्णांसाठी हवी होती तशी कादंबरी सापडली. जुन्या मासिकांच्या दुकानात कुसुमने गठ्ठा उपसला आणि मी मधला अंक उघडला. पेशवाईतली कादंबरी, नुकतीच सुरू झालेली. पहिल्या दोन प्रकरणांत भरपूर घोडे. थोरांसमोर कुणीही खुर्चीत नाही. जो मरतो त्याचे नाव, गाव, कूळ आधी सांगितलेले. मी सगळे हप्ते विकत घेतले आणि गाडीत रात्रभर ती पिशवी उशाला घेतली. नवी वळकटी पायाशी होती.

गाडी रडतखडत आली. घरी पोचले तेव्हा गुरुवारची दिवेलागण झाली होती. बाहेर चपला होत्या, नेहमीपेक्षा जास्त. आत गेले तर बैठक भरलेली. शेजारीही होते, ज्यांची पाळी स्टेशनवर आली नव्हती. अण्णांनी मला पाहिले, चेहरा उजळला, आणि लगेच त्यांनी ओठावर बोट ठेवले. पुढे आले, माझ्या हातातली वळकटी घेतली आणि हळूच म्हणाले, "चालू आहे. तू तिकडं बस, दाराजवळ."

मी स्टुलाकडे बघत होते. त्यावर शास्त्रीबुवांची काठी टेकवलेली होती.

"तिकडं का, अण्णा?"

"तू आता भोपाळची ना," ते म्हणाले. अगदी मायेने म्हणाले.

दाराजवळची जागा मला माहीत होती. दरबारात परराज्याचे वकील तिथे बसत. जागा चांगली मानाची असते. फक्त घरच्यांची नसते.

मी बसले. आणि मग ऐकू आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, परातीत तीळ निवडत, आई बोलते आहे.

"…पाणी बर्फासारखं. घोडा पाय टाकेना. विश्रामराव म्हणाला, बाबा, तुला नाही जायचं तर नको जाऊ, मी पण जरा बसतो. मग त्यानं शिदोरी सोडली. भाकरी होती, लसणीची चटणी होती, गुळाचा खडा होता."

"घोड्याला काय दिलं?" सुभेदारकाकांनी विचारले.

"गूळ दिला."

"सगळा?"

"सगळा. भावजी, तो काय स्वतः खाणार आहे होय?"

सुभेदारकाकांनी समाधानाने मान हलवली. प्रश्न विचारला गेला होता आणि अण्णा छताकडे बघत नव्हते. पुढे वाकून ऐकत होते. विश्रामराव नदीकाठी बसून आपल्या लेकीची आठवण काढत होता. ती दूर मुलखात नोकरीवर होती आणि तिथले पाणी तिला मानवत नव्हते. छापील कादंबरीत विश्रामरावाला लेक नव्हती. मी ती अक्षर न् अक्षर वाचली आहे. आईने माझ्याकडे पाहिलेही नाही. तीळ पाखडून ती म्हणाली, "आता पुढच्या गुरुवारी," आणि खडीसाखर फिरली. मलाही मिळाली, वकिलाच्या पाळीने.

पिशवी मी उघडली नाही.

त्या रात्री मी भारावलेली होते. वाचणारी माणसे अशा वेळी फार लवकर अर्थ लावतात. मला वाटले, ज्या घरातले राज्य गेले, काम गेले, मुलगी गेली, त्या घरात आईने निदान एका माणसाला मरू द्यायचे नाकारले. लेखकाने लिहिलेला शेवट तिने मोडून काढला. आम्ही नवे शोधत हिंडलो, तिने जुन्यालाच पुढे चालवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसून हे सगळे, जरा साध्या शब्दांत, मी तिला सांगितले.

ती पाक बघत होती. "मेला? कोण मेला?"

"विश्रामराव. शेवटच्या हप्त्यात."

"त्या दिवशी मी किला गेटला वन्संच्या सुनेच्या डोहाळजेवणाला नव्हते का गेले? परत आले तर सगळे गप्प. मला वाटलं, तू जाणार म्हणून असतील. पुढं तू दुसरंच काही वाचायला लागलीस, म्हटलं, पुण्याचा अंक आला नसेल. मग तू गेलीस, गुरुवारी मंडळी आली, बसली, कुणी बोलेना. मी म्हटलं, तो नदीपाशी आला होता, मग पुढं? कुणी सांगेना. म्हटलं, ठीक आहे, मीच सांगते." तिने पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडून पाहिला. "ह्यांनी तरी सांगायचं."

ओसरीवरून अण्णांचे खाकरणे ऐकू आले. मी बाहेर गेले तर ते वर्तमानपत्र धरून बसले होते. ते म्हणाले, "कुणाच्या मरणाची बातमी जनान्यात कुणी आणि केव्हा द्यायची याचे नियम असतात. आणि ते खातं बंद झालंय."

घर म्हणजे काय, हे मला तेव्हापासून सांगता येते. घर म्हणजे जिथे आपल्यावाचून पुढचे चालू होते आणि तरी आपल्यासाठी एक जागा राखलेली असते, दाराजवळची का होईना. आई उरलेले दिवस त्याच उंबऱ्यावरून बोलत राहिली, आणि शेवट माहीत झाल्यावरही तिने गोष्टीत एका शब्दाचा फरक केला नाही. विश्रामराव पुष्कळ वर्षे जगला. शेवटी त्याला मधुमेह झाला आणि आईने त्याचे गोड बंद केले.