एकेचाळिसावा अर्ज

जिन्याखालच्या त्या खोलीत एक संगणक, एक स्कॅनर आणि दोन खुर्च्या मावत. तिसरं माणूस आलं की पहिल्यानं उठायचं. फॉर्मवाले काका तिथं वीस वर्षं बसत होते. शाळा संपवून कॉलेजकडे निघालेलं आसपासचं प्रत्येक पोर आधी त्यांच्या दारात येई. कुठली कंपनी ड्रायव्हरांच्या मुलांना शिष्यवृत्ती देते, कुठला ट्रस्ट फक्त मुलींना देतो, कुठं निबंध मागतात आणि कुठं नुसत्या उत्पन्नाच्या दाखल्यावर भागतं, सगळं त्यांना तोंडपाठ. दाखला जरा वाकडा स्कॅन झाला तरी पुन्हा करत. "आपल्या चुकीनं पोराचं वर्ष जायला नको," हे त्यांचं पालुपद.

त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक अर्जात मोबाईल नंबर स्वतःचा टाकायचा. पालकांचे फोन कधी रिचार्जविना बंद, कधी त्यांच्याबरोबर कामावर, आणि ओटीपी काही दम धरत नाही. एकदा एका मुलीचा अर्ज त्यापायी अडकला, तेव्हापासून हा शिरस्ता.

त्या वर्षी त्यांच्या लेकीलाच इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला, तोही दूरच्या शहरात. फी आणि हॉस्टेल दोन्ही देणारी एकच शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तरच जायचं, हे घरात ठरलेलं.

"बाबा, माझा फॉर्म कधी?" ती रोज विचारी.

"अगं, घरचंच काम. बाहेरची पोरं ताटकळलीत."

"मग मीही रांगेत बसते. तेवढीच गिऱ्हाईक म्हणून किंमत."

काका हसले. तिचा अर्ज त्यांनी शेवटच्या दिवशी भरला, चारदा तपासून.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं: अपात्र. बापलेक शिष्यवृत्तीच्या कार्यालयात धावले. खिडकीतल्या बाईंनी स्क्रीन पाहिला.

"एका मोबाईल नंबरावर चाळीसच अर्ज चालतात. यंदाचा नवा नियम. हा एकेचाळिसावा."

"मग नंबर बदलून द्या की, मॅडम."

"पाठवलेल्या अर्जात काहीच बदलत नाही हो. त्या चाळिसांतला एखादा मागे घेतलात तर हा आपोआप आत येईल. आज चारपर्यंत मुदत आहे. ओटीपी तुमच्याच फोनवर येईल."

बाहेर बाकावर टेकताच लेक म्हणाली, "टेलरकाकांची मुलगी आहे ना त्या चाळिसांत. तिला ट्रस्टची मिळालीय, तुम्हीच भरला होतात फॉर्म. दोन कुठं घेता येतात?"

काकांनी गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या त्या टेलरला फोन लावला. सगळं सांगितलं.

"खरंय तुमचं," टेलर म्हणाला. "पण ट्रस्टवाले उद्या फिरले तर? मी अडाणी माणूस, हातातलं कसं सोडू? तुम्ही जाणकार, तुमच्या पोरीला कुठंही मिळेल. अन् हो, धाकटीचे कागद कधी आणू?"

साडेतीन वाजले होते.

"विचारलंत कशाला, बाबा? दोन बटणं दाबायची होती."

"त्याची पोर आहे ती."

"आणि मी कोण?"

काकांनी फोनवर यादी उघडली. टेलरच्या मुलीच्या अर्जापाशी बोट थांबलं. 'मागे घ्या' दाबलं. ओटीपी आला. सहा आकडे, दहा मिनिटांची मुदत. लेक डोळ्यांत प्राण आणून बघत होती. काका ते आकडे वाचत राहिले, पुन्हा पुन्हा, ते बाद होईपर्यंत. मग फोन खिशात घातला. चारपर्यंत दोघं तिथंच बसून होते.

टेलरच्या मुलीनं पुढं ट्रस्टचीच घेतली. इकडची वाया गेली. तोवर उशीर झाल्यामुळं ती कुणालाच दिली नाही.

लेक जवळच्या साध्या कॉलेजात जाते आणि दुपारी जिन्याखाली फॉर्म भरते, बापापेक्षा भराभर. धाकटीला घेऊन टेलर आला तेव्हा तीच संगणकापुढं होती.

"काय पोरी, शेवटी कुठं घेतलास प्रवेश?"

"इथंच," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "खुर्ची रिकामी होती."

काका दाखला स्कॅनरमध्ये सरळ करत राहिले.