ओल्या बोटाचं अक्षर

कुंभकोणममधल्या आमच्या कॉफी हॉटेलात मलायातल्या पिनांगहून परतलेला एक म्हातारा रोज दुपारी यायचा. ओल्या बोटानं टेबलावर एकच चिनी अक्षर काढायचा आणि कुणी पाहिलं की पुसायचा. हा हेरच, अशी माझी खात्री झाली. पोलिसांकडे जाण्याआधी मी विचारलं, "काय हो, ह्याचा अर्थ काय?"

"जेवणे. तिकडं माणूस भेटला की आधी विचारतात, जेवलात का? महायुद्धात तिकडं जपानी अंमल आला, अन्न मिळेना, तेव्हा शेजारचा चिनी मला रोज विचारायचा. नाही म्हटलं, की आपल्यातला अर्धा भात द्यायचा."

त्यानं अक्षर पुसलं. "तुमच्या गावातही सगळे एकमेकांना हेच विचारतात. मी तीन महिने इथं बसतोय. मला अजून कुणी विचारलेलं नाही."

त्याच्यापुढं नुसती कॉफी होती.

मी तेव्हाही विचारलं नाही.