नव्या गुडघ्याची सफारी

"तू आराम कर गं, आम्ही फोटो पाठवू."

हे वाक्य माझ्या मैत्रिणीने सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या तिच्या घरी, माझ्याच हातची कोथिंबीर वडी खाता खाता उच्चारलं आणि मी मनातल्या मनात तिला सिंहापुढे टाकलं. आफ्रिकेच्या सफारीची कल्पना माझी. सहलीची कंपनी शोधली मी. चार घरांच्या मागे दोन वर्षं भुणभुण लावली ती मी. आणि पाच महिन्यांपूर्वी उजवा गुडघा बदलला म्हणून यादीतून बादही मीच! डॉक्टरीणबाईंनी खुशाल जा म्हणून सांगितलं होतं. पण नवऱ्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं.

"रविवारी संध्याकाळी नावं कळवायची आहेत," तो म्हणाला. "आपली दोघांची काढून टाकू. तिथे रानात तुला काही झालं तर?"

"सिंहाने खाल्लं तर गुडघा तेवढा परत आण. नवाकोरा आहे."

तो हसला नाही. तो तुआसच्या कारखान्यांत क्रेनची तपासणी करतो. चाचणी घेतल्याशिवाय कुठलीही वस्तू पास करायची नाही, हा त्याचा धर्म. म्हणून मी म्हटलं, घे मग माझी चाचणी. रविवारी दिवसभर सिंगापूरचीच सफारी करू. त्याने लगेच अट घातली: बस आणि एमआरटीची मेट्रो सोडून कुठेही बसायचं नाही. जिथे टेकशील तिथे आफ्रिका संपली.

मी टाळी दिली. मला वाटलं होतं, मी तयार झालेली बघून तो घाबरेल.

पहाटे क्लेमेंटीच्या कालव्यापाशी उतरलो. डोक्यावर हॅट, गळ्यात दुर्बीण, पिशवीत मेथीचे पराठे. नवऱ्याच्या खांद्याला घडीचं स्टूल. "गरज पडली तर," असं म्हणून दर वीस मिनिटांनी तो ते मला दाखवायचा, दुकानदार साडी दाखवतो तसं. पाण्याच्या कडेला राखी बगळा एका पायावर उभा होता. "बघ, त्याचं तर एकाच पायावर भागतंय," मी म्हटलं. मग पाणमांजरांचं सात-आठ जणांचं कुटुंब ओल्या अंगाने वर आलं आणि सायकलींचा रस्ता अडवून निवांत लोळलं. सायकलवाले पाय टेकून थांबले. एका पिल्लाने नवऱ्याकडे बघून फिस्स केलं. मला ते पिल्लू फार आवडलं.

"बसतेस का?" नवऱ्याने विचारलं.

"तूच बस की."

आणि तो खरंच बसला.

तिथून एमआरटीने क्रांजी आणि पुढे बसने खारफुटीच्या राखीव जंगलात. लाकडी पुलांवरून चाललो. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली, पंखांचा आवाज जुन्या पंख्यासारखा. रस्त्यात घोरपड आडवी आली, जीभ काढून आमचा वास घेऊन गेली. खोटं कशाला सांगू, अकरा वाजता गुडघा कुरकुरायला लागला. मी कठड्याला रेलून उभ्या उभ्या पराठा खाल्ला आणि समोरच्या चिखलात काहीतरी फार मोलाचं दिसत असल्याचं नाटक केलं.

मग आला पक्षी बघायचा लाकडी आडोसा. आत एक लांबलचक बाक आणि भिंतीत आडव्या फटी. त्या फटी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर! उभ्याने नुसती फळी दिसते, आणि वाकायचं म्हटलं तर गुडघा. आत साठीची एक चिनी बाई हातभर लांब लेन्स लावून बसली होती. तिने आमच्याकडे न बघता बोट केलं आणि कुजबुजली, "क्रोकोडाइल. व्हेरी बिग."

नवऱ्याने फटीतून पाहिलं. "आईशप्पथ! अगं, केवढी मगर!" मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात, "बघायचं असेल तर बस की."

एका बाजूला आफ्रिका, दुसऱ्या बाजूला मगर. मी बाकाकडे पाहिलं आणि ऐसपैस बसले.

"संपलं," म्हणत त्याने फोन काढला.

"थांब. तिकडे दिवसभर आपण काय करणार आहोत?"

"प्राणी बघणार."

"कुठून?"

"जीपमधून."

"उभ्याने?"

त्याने फोन परत खिशात घातला.

"अरे, तिथे खाली उतरायचीच बंदी असते! दिवसभर गुडघे मुडपून, तोंड बंद ठेवून बसायचं असतं. तू कसली चाचणी घेतलीस? क्रेनला पोहायला लावलंस!"

हे त्याला लागलं. चुकीची चाचणी हा त्याच्या लेखी अक्षम्य गुन्हा. तो म्हणाला, "बरं. मग दोन तास बस. उठायचं नाही."

मी बसले. ओहोटीच्या चिखलात सायबेरियाहून आलेले लांब चोचींचे पक्षी टोचत फिरत होते, आणि मगरीपासून चार हातांवर येऊन शांतपणे वळत होते. मगर काहीही करत नव्हती. तिच्याकडे बघून मीही काही केलं नाही. नवरा मात्र दहाव्या मिनिटाला पाठ चोळू लागला. मग उठला. फोन पाहिला. परत बसला, वेफर्सचं पाकीट फोडलं. पुन्हा उठला. चिनी बाईने शेवटी लेन्सवरून डोळा काढला.

"अंकल, सिट डाउन लाह! आंटी कॅन, यू कॅनॉट!"

एवढं सुरेख प्रमाणपत्र मला कुठल्याही विद्यापीठाने दिलेलं नाही.

दोन तास झाले तेव्हा मगरीने सावकाश जबडा उघडला आणि तसाच ठेवला. मी उठायला गेले तर गुडघा लाकडाचा झालेला. नवऱ्याने हात पुढे केला. मी घेतला. उठण्याबद्दल चाचणीत काही ठरलं नव्हतं.

क्रांजीहून परतताना एमआरटीत मी त्याचा फोन मागून घेतला. सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरच्या यादीत आमच्या घरापुढे माझं नाव लिहिलं आणि थांबले.

"आणि माझं?" त्याने विचारलं.

"तुझ्या पाठीचं बघायला हवं. तिथे रानात तुला काही झालं तर?"

"अगं!"

"तू आराम कर. मी फोटो पाठवीन."

जुराँग ईस्ट येईपर्यंत मी त्याला तसंच ताटकळत ठेवलं. गाडी बदलताना जिन्यावर तो एका हाताने पाठ आणि दुसऱ्या हाताने स्टूल सांभाळत चढत होता. तेव्हा मला दया आली, आणि मी त्याचंही नाव लिहिलं. माझ्या नावाखाली.