मावशींची न तुटणारी भाकरी

पाच घरच्या पोळ्या लाटून मावशींचा हात असा बसला होता, की गप्पा मारता मारता पोळी आपसूक गोल व्हायची. "त्यात काय एवढं," असं त्या म्हणत, पण ते काही खरं नाही. दुसरीची पोळी नकाशासारखी निघाली की मावशींच्या चेहऱ्यावरचं समाधान लपता लपत नसे. लाटणं त्यांचं स्वतःचं, लावायच्या पिठीचा डबाही स्वतःचा. लोकांच्या घरची पिठी जाडीभरडी असते, म्हणून घरून वस्त्रगाळ करून आणायच्या.

त्यांच्या तिसऱ्या घरातली ठकी नऊ वर्षांची. वर्षभर पोर वाळत चालली होती. पोट फुगायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, गव्हातला चिकटपणा हिच्या आतड्यांना सोसत नाही, गहू जन्मभर बंद. ठकीच्या आईनं, म्हणजे वहिनींनी, त्याच दिवशी घरातला गहू काढून टाकला.

"मावशी, तुम्हाला भाकरी जमेल का?" वहिनींनी विचारलं.

"न जमायला काय झालं?" मावशी म्हणाल्या. जन्मात त्यांनी भाकरी केली नव्हती.

पण चौकसपणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्वारीचं पीठ गार पाण्यात मळलं, तर चिराच चिरा. उकळतं पाणी घातलं, तेव्हा कुठे गोळा धरला. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि ते ताणच घेत नाही, हे गिरणीवाल्याकडून कळलं. बाजरी दळून ठेवली की कडू होते. नाचणी अधाशासारखं पाणी पिते. राळ्याचा भात मात्र मोकळा होतो. असं का, तसं का, विचारून विचारून त्यांनी गिरणीवाल्याला इतकं भंडावलं, की त्या दिसल्या की तो मुद्दाम गिरणी सुरू करायचा.

पंधरा दिवसांत भाकरी जमली. थापलेली नव्हे, लाटलेली. गोल, पातळ, एक चीर नाही. शेजारीण बघायला आली, तेव्हा मावशींनी ती तव्यावरून उचलून दोन बोटांवर धरून दाखवली.

ठकी मात्र सुधारेना. पोट दुखायचं, पोर मुटकुळं करून पडायची. मग वहिनींना संशय आला.

"शाळेत कुणाच्या डब्यातलं खातेस ना? खरं सांग!"

"नाही गं आई, शप्पथ!"

"मग काय हवेनं दुखतंय?"

ठकी रडून रडून दमली. आणि मावशीही, देवाशपथ, तेव्हा वहिनींच्याच बाजूनं बोलल्या. "पोरांची जीभ ती, आवरत नाही," म्हणाल्या.

पुढे मावशी तापानं आठवडाभर घरी पडल्या. परत आल्या तर ठकी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मावशींना हर्ष झाला, पण लगेच डोक्यात शंकेचा किडा वळवळला. पीठ तेच, तवा तोच, पाणी तेच.

"वहिनी, भाकऱ्या कोणी केल्या?"

"मीच. एकही धड नाही, सगळ्यांचे तुकडे."

"करा बघू माझ्यासमोर एक."

वहिनींनी परातीत ज्वारीचंच कोरडं पीठ पसरलं आणि त्यावर थापायला घेतली. मावशी बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून आपला डबा काढला. झाकण उघडलं. वीस वर्षं त्या या डब्याला पिठी म्हणत आल्या होत्या. तो गहू आहे हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. भाकरी लाटण्याआधी खाली चिमूट, वर चिमूट. म्हणून चिकटत नव्हती, म्हणून तुटत नव्हती.

कुणाला काही कळलं नव्हतं. झाकण लावून गप्प बसता आलं असतं, आणि क्षणभर मावशींच्या मनात ते आलंही. उद्यापासून ज्वारीची पिठी आणली की झालं, कोण विचारतंय? अब्रूही राहिली असती, घरही. पण त्यांनी अंगणातून ठकीला हाक मारली आणि डबा दोघींसमोर ठेवला.

"ठके, तू शाळेत काही खाल्लं नव्हतंस. हा गहू आहे. रोज भाकरीला लावून मीच तुला खायला घालत होते."

वहिनींचे पिठाचे हात तसेच राहिले. मावशी बोलणी खायची तयारी करून उभ्या होत्या. ठकीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आईकडे वळली.

"मी सांगत होते ना," ती म्हणाली. "शपथ घेतली, तरी तू खरं मानलं नाहीस."