संथ गतीतला खो

आश्विनातला रविवार होता. नायगावच्या आमच्या मैदानावरचं दव अजून सुकायचं होतं आणि पलीकडच्या खळ्यावरून सोयाबीनच्या भुशाचा कोरडा, घशात खवखवणारा वास येत होता. त्या वासासकट ती सकाळ मला आठवते, कारण त्या सकाळी मी संतापाने धुमसत होते. संताप हा माझा जुना सोबती. वीस वर्षं मुलींना खो-खो शिकवते आहे, आणि माझा आवाज कुंपणापलीकडच्या रस्त्यापर्यंत जातो याचा मला, खरं सांगायचं तर, अभिमानच होता.

रागाचं कारण सुवर्णा. एकेकाळची माझीच खेळाडू, आता विष्णुपुरीला अभियांत्रिकी शिकणारी. दर रविवारी एसटीने यायची, मोबाइल स्टँडवर लावून मुलींचा सराव टिपायची, आणि मग कडुनिंबाच्या विरळ सावलीत त्यांना त्यांचीच पावलं संथ गतीत दाखवायची. वळताना कोण घसरते, कुणाचा हात आखडतो, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यायची. मुली तिच्याजवळ गुडघ्याला गुडघा लावून बसत, हसत, काहीबाही विचारत. ही सगळी थेरं आहेत, असं माझं ठाम मत. खेळ मैदानावर घाम गाळून येतो, पडद्याकडे टकामका बघून नव्हे!

आठवीतल्या शिवकांतावर माझा विशेष रोष होता. बसलेल्या खेळाडूने मागून पाठीवर हात पडून ‘खो’ मिळेपर्यंत जागा सोडायची नाही, इतका साधा नियम. आणि ही पोर दर वेळी आधीच उठलेली. मी ओरडले, उठाबशा काढायला लावल्या, ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असं सगळ्यांदेखत म्हणाले, आणि शेवटी जिल्हा स्पर्धेच्या संघातून तिचं नाव खोडून शुक्रवारी यादी ऑनलाइन भरून टाकली. चौदा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं, हे मला ठाऊक होतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या आधी येऊन मैदानावरचे खडे वेचत होती.

त्या रविवारी सुवर्णाने फोन माझ्यासमोर धरला.

“मॅडम, शिवकांता आधी उठून न्हाई राहिली. एकदा बघा तर.”

पडद्यावर हात सावकाश खाली आला, पाचही बोटं शिवकांताच्या पाठीवर टेकली, मागून खो देणारीचे ओठ उघडले, आणि मग, त्यानंतरच, तिचा गुडघा जमिनीवरून सुटला. इतकी चपळ, की माझ्या डोळ्यांना तो क्षण कधी सापडलाच नव्हता. फोनात काहीतरी गडबड असणार, मी म्हणाले. सुवर्णाने स्टँड उचलून दुसऱ्या बाजूला लावला आणि पुन्हा खेळवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आग लागो त्या फोनला, असं मी मनात म्हणाले, पण मान वर करायची हिंमत झाली नाही.

सोमवारी जिल्हा क्रीडा कार्यालयात फोन केला. लिंक बंद झाली, आता नाव चढत नाही, असं तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं. मी त्याला नियमांवरून, पोर्टलवरून, सरकारवरून वाटेल ते बोलले. तो बिचारा ऐकत राहिला. नाव त्याने थोडंच खोडलं होतं? फोन ठेवला तेव्हा चीड तशीच होती आणि तिला जायला दुसरं घर उरलं नव्हतं.

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळ्या मुलींना गोल उभं केलं. शिवकांताकडे बघून म्हणाले, चूक माझी होती, तू एकदाही आधी उठली नव्हतीस, आणि माझ्यामुळे तुझं जिल्ह्याला खेळायचं राहिलं.

“म्हाईत हाय मला, मॅडम,” ती खाली बघत म्हणाली. “हात लागल्याबिगर म्या कवाच उठत न्हाई.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

माझा आवाज चढला होता. ती एक पाऊल मागे सरकली. तिच्या दोन्ही बाजूंच्या मुलीही सरकल्या, अगदी सहज, अंगवळणी पडल्यासारख्या, आणि माझ्याभोवतीचं ते वर्तुळ रुंदावलं. मी त्यांना पुढे बोलावलं नाही. कुठल्या आवाजात बोलवायचं, तेच मला कळेना.