अंगणाच्या जागी तीन गाळे

जवळा बाजारच्या बाजाररस्त्याला लागून फकीर पिंजाऱ्याचं घर होतं. पुढं ओसरी, ओसरीमागं अंगण, अंगणापलीकडं माळवदाच्या दोन खोल्या. लोक म्हणत, गादी घ्यावी तर फकीरची. पण फकीर कापूस पिंजून द्यायचा तेवढंच. गादी व्हायची ती त्याच्या बायकोच्या, बिलकीसच्या हातून. अंगणात खोळ पसरायची, आत कापूस भरून काठीनं झोडून एकसारखा करायचा आणि दाभणानं टाके घालत बसल्या बसल्या कडेकडेनं सरकत जायचं. लग्नसराईत चार-चार गाद्या अंगणात पडलेल्या असत. बिलकीस उंबऱ्याबाहेर फारशी जात नसे. ऊन, वारा आणि ओसरीच्या दारातून दिसणारा रस्ता, तिचं सगळं जग त्या अंगणात येऊन जाई.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात ओसरीची भिंत खचली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. तिथल्या एका कापडदुकानात काम करणारा थोरला मुलगा अशफाक रजा काढून आला तो घराचा नकाशा घेऊनच. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यानं तो काढला होता.

"पुढं सलग तीन गाळे," तो म्हणाला. "रस्त्यावरची जागा हाय अम्मा. लोक असल्या जागेसाठी जीव टाकतेत, आन् आपण तिथं कापूस वाळवून राहिलो."

"आन् आत यायचं कुठून?" फकीरनं विचारलं.

"बोळातून."

घराच्या उजव्या अंगाला शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून दोन हातांचा बोळ होता. त्यातून आजवर सांडपाणी जायचं, नाहीतर मांजर.

भिंती घालायला सुदाम मिस्त्री येणार होता. त्यानं दोरी धरून अंगणात पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या, कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत राहिला आणि अशफाकला सोडून बिलकीसकडं वळला.

"भाभी, माझं ऐकता का? दोनच गाळे काढा. मधातून चार हात वाट सोडा. अंगण निम्मं ऱ्हाईल, तुमचं काम बी चालंल."

"मधात वाट सोडली तर दोन्ही गाळे अरुंद व्हतेत," अशफाक म्हणाला. "काउंटर टाकलं की गिऱ्हाइकानं उभं कुठं ऱ्हायचं? आन् अंगण ठेवलं तर संडासचा खड्डा कुठं घ्यायचा? तिसरी जागा न्हाई. अम्मा, अंगण पाहिजे का संडास, तेवढं तू सांग."

बिलकीसची नजर दाराकडं गेली. हुमेरा, तिची धाकटी, दाराशी उभी होती. सतरा वर्षांची. मायलेकी रोज उजाडायच्या आत लोटा घेऊन जिनिंगच्या भिंतीमागं जात. मागच्या हंगामात कापसाच्या ट्रॅक्टरवरच्या माणसांनी त्यांच्यावर दिवा मारला होता आणि दोघी उभ्या राहून तोंड झाकेपर्यंत तो हलवला नव्हता. त्या दिवसापासून पोरीनं दुपारनंतर पाणी पिणं सोडलं होतं.

"अंगण घ्या," बिलकीस म्हणाली.

संध्याकाळी फकीर तिच्याजवळ येऊन टेकला. "तुझं काम कुठं व्हणार?"

"आतल्या खोलीत."

"गादी मावंल?"

"मावंल की."

मावणार नव्हती. दुपारीच तिनं वीत लावून खोली मोजली होती. गादी पसरली की भोवती फिरायला एका बाजूला जागाच उरत नव्हती. पण फकीरनं पुन्हा विचारलं नाही. मुलाशी वाद घालायची त्याची तयारी नव्हती, आणि बायको हो म्हणाली म्हणजे आपण सुटलो, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

दिवाळीच्या आत गाळे उभे राहिले. ओसरी गेली, अंगण गेलं. भाडं बघायला म्हणून अशफाक नोकरी सोडून बायकोसह घरीच राहायला आला. गाळ्यांच्या मागच्या भिंतीत एक फटही नव्हती. भाडेकरूंना पाठीमागं बायकामाणसं नकोत आणि आपल्या बायकामाणसांना भाडेकरू नकोत, असं अशफाकनं ठरवून टाकलं. खोल्यांत भरदुपारी दिवा लावावा लागे. संडास मात्र चांगला झाला. पांढऱ्या फरशीचा, आतून कडी असलेला. बिलकीसनं त्याला कधी नाव ठेवलं नाही. हुमेरानं तो वर्षभर वापरला आणि लग्न होऊन ती औंढ्याला गेली.

बिलकीस आता गादी भिंतीवर निम्मी चढवून शिवायची. एक बाजू झाली की उतरवायची, फिरवायची, परत चढवायची. दिवसाला दोन व्हायच्या तिथं दोन दिवसांत एक होऊ लागली. फकीरनंही पिंजण आतच मांडलं होतं, दुसऱ्या खोलीत. कापसाची भुकटी बाहेर जायला वाट नव्हती. ती पाण्याच्या मडक्यावर बसे, भाकरीवर बसे, फकीरच्या भुवयांवर बसे. तिसऱ्या वर्षी तो खोकायला लागला. पाचव्या वर्षी बोळातून चालत रस्त्यावर येईपर्यंत त्याला दोनदा थांबावं लागे.

अशफाक त्याला हिंगोलीला डॉक्टरकडं घेऊन गेला. परत आल्यावर बिलकीसनं विचारलं, "काय म्हणले?"

"औषध दिलंय," फकीर म्हणाला.

डॉक्टर आणखी काय म्हणाले होते ते तिला दोन महिन्यांनी सुनेकडून कळलं. कापूस कुठं पिंजता, असं त्यांनी विचारलं होतं. उघड्यावर पिंजत जा, म्हणाले होते. बापलेक दोघांनीही ते तिला सांगितलं नव्हतं. बिलकीसनं त्याच दिवशी पिंजण उचलून माळ्यावर टाकलं. फार उशीर झाला होता.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी दुपारी, फकीर गेला.

अंघोळ घालून, कफन बांधून झालं. मशिदीतून जनाजा न्यायचा डोला आला. चौघांनी तो बोळात घातला आणि दाराच्या वळणावर तो अडला. त्यांनी उभा करून पाहिला, तिरपा करून पाहिला. बाहेर कुणीतरी म्हणालं, "हे घर बांधलं कोणी?" अशफाक मान खाली घालून उभा होता. गाळ्यांच्या भिंतीपलीकडं भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करत होतं. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

शेवटी डोला रस्त्यावरच ठेवला. फकीरला एका गादीच्या खोळीत घेतलं, चार कोपरे चौघांनी धरले आणि त्याचे गुडघे जरा वाकवून, कापसाचं गाठोडं न्यावं तसं त्याला बोळातून बाहेर काढलं. खोळ बिलकीसच्याच हातची होती. ती मागोमाग दारापर्यंत आली. दारातून समोर शेजाऱ्याची भिंत दिसत होती, बाकी काही नाही. रस्त्यावरून कलम्याचा आवाज आला, पावलांचा आला, मग बाजाराचा गलका तेवढा उरला. जुनं घर असतं तर जनाजा पुलाच्या वळणापर्यंत तिला दिसला असता.

चाळिसावा झाल्यावर ती अशफाकला म्हणाली, "मधला गाळा मोकळा कर. रस्त्याकडं दार काढ."

"करार हाय अम्मा. संपू दे."

करार संपला, पुन्हा झाला. तिनं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही, आणि त्यानंतर मुलाशी कामापुरतं बोलणंही सुनेच्या तोंडूनच होऊ लागलं.

दोन हजार सहात रस्ता रुंद करायची नोटीस आली. गाळे जुन्या ओसरीच्याही पुढं ओढून घेतलेले होते. मशीन आलं आणि तिन्ही गाळे निम्म्यावर आले. भांडेवाला निघून गेला, दुसराही गेला. अशफाक सुदाम मिस्त्रीला घेऊन आला. सुदामचे केस पिकले होते.

"अम्मा, मागची भिंत तुझ्या खोलीत सरकवली की गाळे पैल्यासारखे बराबर व्हतेत. तुला वर पत्र्याची खोली टाकून देतो."

कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "एकदा व्हय म्हणले. आता न्हाई."

"तुझ्या नावावर घर हाय म्हणून?"

"व्हय. म्हणूनच."

अशफाक महिनाभरात बायकोमुलं घेऊन हिंगोलीला राहायला गेला. हळदीच्या एका आडतीवर त्याला काम मिळालं. ईदला येतो, असं सांगून गेला. एका ईदला आला, पुढच्या ईदला नाही.

सुदाम एकदा सहज म्हणून आला. चहा झाल्यावर बशी खाली ठेवत म्हणाला, "भाभी, गाळे पाडून अंगण मोकळं करून देऊ का? मजुरी घेत न्हाई. तवाच मी जोर लावायला पायजे व्हता."

"तुमी काहून जोर लावावा? व्हय म्हणले ते मी म्हणले."

"पोरीसाठी म्हणले व्हते ना."

"पोरीसाठी म्हणले. तिच्या अब्बाला त्यात घातलं." तिनं बशी उचलली. "आता अंगण मोकळं करून मी तिथं काय पसरू, मिस्त्री? लोक फोमच्या गाद्या आणतेत."

सुदाम उठला. बोळातून बाहेर पडून तो समोरच्या रस्त्यावर आला. दोन शटरं बंद होती, खाली गंज धरला होता. तिसऱ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण बसला होता. पावसाळ्यात तोही जागा सोडून गेला.