तेवीस घरटी, तेवीस झेंड्या

चौऱ्याहत्तर साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला अर्धा सरकारी माणूस समजत होतो. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आमचं मानोरा अकोल्यात होतं. मोजणी खात्यात मी दोन हंगाम साखळी धरायचं काम केलं होतं. साहेब दुर्बिणीतून बघायचे, कागदावर लिहायचे, आणि मी उन्हात झेंडी धरून उभा राहायचो. गावात मात्र असा चालायचो, की अख्खी जमीन मीच मोजली. मॅट्रिक दुसऱ्या खेपेला पास झालेलो. आमच्या बौद्धवाड्यात कुणाचा कागद आला की मलाच दाखवायचे. कळलं नाही तरी मी "हं, हं" करत शेवटपर्यंत वाचायचो.

जूनअखेर शालिग्राम सर एस.टी.तून उतरले. अकोल्याच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला होता माळावर, जमिनीवरच घरटं करणाऱ्या पक्ष्यांचा. कोणत्या गवतात अंडी घालतात, किती अंड्यांतून पिल्लं निघतात, असं. आमचं गायरान आणि त्याला लागून दुष्काळात बांधलेला पाझर तलाव त्यांना पसंत पडला. माळ माहीत असलेला, लिहितावाचता येणारा माणूस हवा होता. लोकांनी माझं नाव सांगितलं.

"पक्षी ओळखता का, देवमन?"

"सारे," मी म्हणालो.

मला पाच येत होते. त्यात एक कोंबडी.

काम सोपं होतं. पन्नास हात दोरीला पत्र्याची झाकणं बांधलेली. एक टोक सरांकडे, एक माझ्याकडे. दोरी गवतावरून ओढत चालायचं, पक्षी उडाला की थांबायचं आणि घरटं शोधायचं. पहिल्याच दिवशी चंडोल उडाला. मी "सर, लावा! लावा!" म्हणून ओरडत धावलो आणि घरट्यापासून वीतभर अंतरावर पाय टाकला. सर पांढरे पडले. दुसऱ्या दिवशी खरोखरचा लावा पक्षी उडाला, त्याला मी चंडोल म्हटलं. सर भला माणूस. "जवळपास आहे," म्हणाले.

सापडलेलं घरटं पुन्हा सापडावं म्हणून सरांनी जवळ एखादी काडी रोवायला सांगितलं. काडी! मोजणी खात्यातला माणूस काडी रोवतो होय? मी कमरेएवढ्या बांबूच्या कामट्या तासल्या. बायकोचं, भागिरथाचं, लाल लुगडं फाडून झेंड्या केल्या.

"माहं लुगडं काहून फाडलं?"

"अभ्यास चालू हाय," मी म्हणालो.

"लुगड्याचा?"

तेवीस घरट्यांवर तेवीस झेंड्या लागल्या. तलावाच्या भिंतीवरून पाहिलं तर माळावर जत्रा भरल्यासारखं वाटायचं. सरांनाही ते आवडलं. मग त्यांना कॉलेजच्या कामासाठी दोन आठवडे अकोल्याला जावं लागलं. जाताना वही माझ्या हातात दिली, रोज घरटी तपासायला आणि दर दोन दिवसांनी पोस्टकार्ड टाकायला सांगितलं. मी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला.

तिसऱ्या दिवशी चार घरटी रिकामी. आठवड्यात नऊ. कुठे फुटकी टरफलं, कुठे तीही नाहीत. वहीत एक रकाना होता, 'नुकसानीचं कारण'. तो रिकामा ठेवणं मला कमीपणाचं वाटलं. माळावर पलीकडच्या तांड्यातल्या रामीबाईच्या वीसेक शेळ्या चरत. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शेळ्या'. नऊ वेळा लिहिलं. पोस्टकार्डावरही तेच.

सोळावं घरटं गेलं, तेव्हा मी रामीबाईला गाठलं. पन्नाशीची बाई, हातात वेळूची काठी, बाभळीखाली बसलेली.

"या शेळ्या इथून हाकला," मी साहेबी आवाज काढला. "हा सरकारी अभ्यास हाय."

"कायचा अभ्यास?"

"अंड्यांचा. तुमच्या शेळ्या अंडी खाऊन राह्यल्या."

रामीबाईने माझ्याकडे नीट पाहिलं, डोक्याला ऊन लागलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"शेळी अंडं खाते कारे, बापू?"

"मंग पायाखाली तुडवते."

"बस इथं. बोलू नको. नुसतं पाह्य."

मी बसलो. चहा व्हायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. तलावाकडून एक कावळा आला आणि माझ्या झेंडीच्या कामटीवर बसला. मान वाकडी करून खाली पाहिलं. उतरला. चोचीत अंडं घेऊन उडाला. पाठोपाठ दुसरा आला, तो पुढच्या झेंडीवर बसला. तिथलं घरटं आधीच रिकामं होतं, म्हणून तो तिसरीवर गेला. कुठे शोधाशोध नाही, घाई नाही. लाल दिसलं की उतरायचं.

"दोन आठवडे झाले, रोज येते थे," रामीबाई म्हणाली. "मले वाटलं, तुमीच कावळे पाळून राह्यले."

मी ओरडत धावलो. कावळे उडून पुढच्या झेंडीवर बसले. मग मी सगळ्या झेंड्या उपटल्या, एकदम, विचार न करता. काखेत झेंड्यांचा भारा घेऊन उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, की उरलेली घरटी कुठे आहेत, हे आता मलाच ठाऊक नाही.

रामीबाईने ती शोधून दिली. सहा वाचली होती. शेळी कुठे दचकून बाजूला होते, टिटवी कुणीकडून ओरडत अंगावर येते, हे तिला पाठ होतं. "खूण करायची तं दगड ठेव. वीस पावलं दूर," ती म्हणाली. मी वीस पावलं मोजली. मोजणी तेवढी चांगली येत होती.

सर परतले, ते हातात एक मसुदा घेऊनच. तहसीलला अर्ज होता, गायरानात शेळ्या चारायला बंदी घालावी म्हणून. आधार काय, तर माझी पोस्टकार्डं. तो अर्ज गेला असता तर तांड्याने शेळ्या कुठे नेल्या असत्या? मी झेंड्यांचा भारा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. पाहिलं नव्हतं तरी सोळा वेळा लिहिलं, हेही.

सरांनी वही उघडून तो रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. मग अर्ज फाडला.

"मीही वहीत 'शेळ्या' वाचून एकदाही विचारलं नाही, की पाहिलं कुणी," ते म्हणाले. "माझ्या मार्गदर्शकांना तर मी कळवूनही टाकलंय. आता पुन्हा कळवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहा झेंड्या मोकळ्या माळावर लावल्या, जिथे एकही घरटं नव्हतं. आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. कावळे आले. एकेका कामटीवर बसले, खाली पाहिलं, उतरले, गवत उकरलं आणि माझ्यावर रागावल्यासारखे ओरडत गेले. सर वहीत भराभर लिहीत होते. ते गावात आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच इतकं खूश पाहिलं.

मी मात्र त्या रात्री जेवलो नाही. सतरा घरटी, म्हणजे पन्नासएक अंडी. भागिरथा म्हणाली, "आता तरी माहं लुगडं गेलं म्हणून वाईट वाटते का?" मी वाटतं म्हणालो.

पुढच्या वर्षी सरांनी रामीबाईला कामावर घेतलं आणि मला तिच्या हाताखाली लेखनिक म्हणून ठेवलं. ती पुढे चालायची, मी चार पावलं मागे. ती सांगेल ते लिहायचं, आणि 'कारण' या रकान्यात, न पाहिलेलं असेल तर, 'माहीत नाही' असं लिहायचं. ते दोन शब्द लिहायला मला सुरुवातीला फार जड जायचं. त्या हंगामात एकतीस घरट्यांपैकी चौदांतून पिल्लं बाहेर पडली.

सरांच्या प्रबंधात माझ्या झेंड्यांवर अडीच पानं आहेत. अठ्ठ्याहत्तर साली ते प्रबंध दाखवायला स्वतः आले होते. इंग्रजीत होता. भागिरथासमोर मी ती अडीच पानं "हं, हं" न करता, शब्दकोश घेऊन, दोन दिवस लावून वाचली. दोन ठिकाणी अडलो, तेव्हा सरळ तिला सांगितलं, इथं मला कळत नाही. ती म्हणाली, "मंग पुढचं वाचा." मी वाचलं.